अंदमानला चाललोय, पोर्ट ब्लेअरला एक रात्र पुरेल का? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की अंदमानला गेलात तर पोर्ट ब्लेअर शहराला नुसता हात लावून पुढे पळू नका, आणि त्यावर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. आधी नावांचं बघू, नाहीतर तिकीट काढताना गोंधळ होतो. सप्टेंबर २०२४ पासून शहराचं सरकारी नाव श्री विजयपुरम आहे. हॅवलॉक म्हणजे आता स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप, आणि रॉस आयलंड म्हणजे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, ही तीन नावं डिसेंबर २०१८ ला बदलली. पण रिक्षावाले, हॉटेलवाले, आपले एजंट सगळे अजून जुनीच नावं घेतात, म्हणून मीही खाली जुनीच लिहितेय.

प्रश्न : ताई, आई-बाबांना घेऊन डिसेंबरात अंदमानला जायचंय. बाबा यंदा रिटायर झाले, आईचे गुडघे दुखतात. एजंटने सहा दिवसांचं पॅकेज दिलंय, त्यात पहिल्या दिवशी उतरल्या उतरल्या सेल्युलर जेल आणि लाईट अँड साउंड शो, दुसऱ्या दिवशी सकाळीच हॅवलॉक, मग नील, शेवटच्या रात्री परत पोर्ट ब्लेअर आणि सकाळी विमान. तो म्हणतो शहरात बघण्यासारखं दुसरं काही नाही. खरंय का? – एक शिक्षिका, अमळनेर

नाही, अजिबात खरं नाही. अगदी असंच पॅकेज घेऊन मी सात-आठ वर्षांपूर्वी आईला घेऊन गेले होते. विमानातून उतरलो तेव्हा आदल्या रात्रीचं जागरण होतं, आईला चक्कर येत होती, आणि तसंच तिला जेलमध्ये फिरवलं, पाऊण तासात बाहेर. आयुष्यभर ज्या जेलच्या गोष्टी ऐकल्या ते ठिकाण आईने धड डोळे उघडून पाहिलं नाही याची मला इतकी चुटपुट लागली की तीन वर्षांनी परत गेलो, आणि त्या वेळी शहरातच चार रात्री काढल्या. आता मला जो कोणी विचारतो त्याला मी हेच सांगते की सहा दिवस असतील तर तीन रात्री शहराला द्या, दोन हॅवलॉकला द्या, आणि नील सोडा. नील वाईट नाही, पण आई-वडिलांना घेऊन रोज बॅग भरा, जेट्टीवर रांग लावा, बोटीत चढा, उतरा, परत बॅग उघडा, यातच अर्धी ट्रिप जाते.

पहिल्या दिवशी काहीच करू नका. संध्याकाळी अबर्डीन बाजारात चक्कर मारा, तिथल्या क्लॉक टॉवरपाशी चहा घ्या, खाली समुद्राच्या कडेने चाला आणि झोपा. जेल दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत आणि गाईड घेऊनच, कारण नुसतं फिरलं तर पिवळट भिंती आणि गज यापलीकडे काही कळत नाही. १८९६ ला बांधकाम सुरू झालं आणि १९०६ ला संपलं, म्हणजे दहा वर्षं, विटा ब्रह्मदेशातून बोटीने आणल्या आणि मजुरी कैद्यांचीच, म्हणजे ज्यांना कोंडायचं त्यांच्याकडूनच तुरुंग बांधून घेतला. मधे मनोरा आणि त्यातून सायकलच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती निघालेल्या, तीन मजली, जवळपास ७०० कोठड्या. एका इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याने गजातून पाहिलं तर समोर दुसऱ्या माणसाचा चेहरा नाही, नुसती भिंत. सातातल्या आता तीनच उरल्यात, पाडलेल्या इमारतींच्या जागेवर सरकारी दवाखाना आहे.

कोठडीच्या दाराची कडी मात्र आई-बाबांना नक्की दाखवा. कडीचा लांब दांडा दारापासून लांब, भिंतीत केलेल्या कोनाड्यात जाऊन बसतो आणि कुलूप तिथे लागतं. माझ्या आईने आत उभं राहून गजातून हात बाहेर काढला आणि कडीपर्यंत पोहोचतो का पाहिलं, खांद्यापर्यंत हात बाहेर गेला तरी बोटं कडीला लागेनात. ती बराच वेळ तशीच उभी होती, गाल गजाला टेकवून. मग आम्ही खाली घाणा बघायला गेलो. आमच्या आजोबांच्या गावाला तेलाचा घाणा होता, आईने लहानपणी बैल फिरताना पाहिलेला, त्यामुळे तिला कोणी काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. जिथे बैल जुंपायचा तिथे माणूस, आणि दिवसाला ३० पौंड खोबरेल काढायचं, म्हणजे साडेतेरा किलोच्या वर. नाही निघालं तर फटके.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर कोपऱ्यात आहे. ४ जुलै १९११ ला त्यांना इथे आणलं आणि १९२१ पर्यंत ते इथे होते, मोठे भाऊ बाबाराव त्यांच्या आधीपासून याच जेलमध्ये. जिने आहेत, त्यामुळे आईंना हळूहळू, मधे बसत न्या, आणि नाहीच जमलं तर खालच्या मजल्याच्या कोठड्याही तशाच आहेत, त्यांनी खालीच बसून घेतलं तरी काही राहिलं असं नाही. बाहेर समोर बाग आहे, तिथे पुतळे आहेत, घाईत लोक फोटो काढून निघतात, तुम्ही नावं वाचा. इंदुभूषण रॉय, बाबा भानसिंग, पंडित रामरखा, महावीर सिंग, मोहित मोइत्र, मोहनकिशोर नामदास. यातले शेवटचे तिघे १९३३ च्या उपोषणात गेले, नळी घालून बळजबरीने दूध पाजताना. शाळेत शिकवता ना तुम्ही, तर ही नावं वर्गापर्यंत न्या अशी माझी मनापासून विनंती आहे, आपल्याकडे सेल्युलर जेल म्हटलं की एकच नाव निघतं आणि बंगाल, पंजाब, उत्तर प्रदेशची ही सगळी पोरं विसरली जातात.

शो संध्याकाळी, अंगणातल्या पिंपळाच्या तोंडून सगळी गोष्ट सांगतात, हिंदीचा खेळ कोणत्या वेळेला आहे ते विचारून तिकीट आधीच काढा.

तिसरा दिवस रॉसला. अबर्डीनच्या जेट्टीवरून बोटीने दहा-पंधरा मिनिटं. १८५८ पासून जवळजवळ १९४१-४२ पर्यंत इंग्रजांचं अंदमानातलं सगळं राज्य या एवढ्याशा बेटावरून चालायचं, चर्च, चीफ कमिशनरचा बंगला, बेकरी, छापखाना, टेनिस कोर्ट, पोहायचा तलाव, नाचायचे हॉल, आणि समोरच्या किनाऱ्यावर माणसं घाण्याला. जून १९४१ ला मोठा भूकंप झाला, मार्च १९४२ ला जपान्यांनी अंदमान घेतलं, आणि बेट ओस पडलं. आता तिथे वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी भिंती गिळल्यात, म्हणजे भिंतीवर झाड उगवलंय असं नाही, मुळ्यांनी भिंत धरून ठेवलीय, विटा पडल्या तरी मुळ्यांची खिडकी तशीच उभी. हरणं पायात येतात, मोर आहेत. चढ आहे पण बॅटरीवरची गाडी मिळते, आईंना त्यातच बसवा. पलीकडच्या बाजूला पायऱ्या उतरून छोटा बीच आणि लाईटहाऊस आहे, तिथे बाबा आणि तुम्ही जा, आईंना सावलीत हरणांजवळ बसू द्या. रॉस आणि बाकी काही जागा आठवड्यातून एकेक दिवस बंद असतात आणि प्रत्येकाचा वार वेगळा, म्हणून बुकिंगच्या आधी हॉटेलला फोन करून वार विचारून घ्या आणि मगच दिवस लावा.

वेळ उरला तर चॅथम बेट. पुलावरून गाडीने जाता येतं, १८८३ पासूनची लाकडाची सॉ मिल आहे, दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या बॉम्बचा खड्डा अजून दाखवतात. सुतारकामाची आवड असलेल्या माणसाला तिथून हलवावं लागतं.

प्रश्न : आम्ही भिल्ल समाजाचे. माझे आजोबा सांगायचे की सातपुड्यातल्या भीमा नाईकांना इंग्रजांनी काळ्या पाण्याला नेलं आणि ते परत आलेच नाहीत. मी मार्चमध्ये मित्रांबरोबर अंदमानला चाललोय. सेल्युलर जेलमध्ये त्यांची कोठडी कुठे शोधू? – बी.ए.चा विद्यार्थी, शिरपूर तालुका

दादा, या प्रश्नासाठी तुझे आभार. आजोबांनी सांगितलं ते खरंय. पण सेल्युलर जेलमध्ये त्यांची कोठडी सापडणार नाही, कारण ते होते तेव्हा ते जेलच नव्हतं.

हिशेब लावून बघ. १८५७-५८ ला खाज्या नाईक, भीमा नाईक यांनी सातपुड्यात, खानदेश आणि बडवानीच्या हद्दीवर इंग्रजांना सळो की पळो करून सोडलं. खाज्या नाईक तर सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे, तू शिरपूरहून बिजासनचा घाट चढून सेंधव्याला जातोस तोच आग्रा रोड. एप्रिल १८५८ ला आंबापाणीची लढाई झाली. भीमा नाईक पुढे बरीच वर्षं हाती लागले नाहीत, मग पकडले गेले, अंदमानला पाठवले आणि १८७६ ला तिथेच वारले. सेल्युलर जेल पुरं झालं १९०६ ला, त्यांच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी. जेलच्या मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर राजबंद्यांची नावं प्रांतवार कोरलीत, ती नंतरच्या काळातली, त्यात शोधून निराश होऊ नकोस.

मग त्यांच्या काळचं पोर्ट ब्लेअर कुठे बघायचं? तीन ठिकाणं सांगते.

पहिलं रॉस. १० मार्च १८५८ ला डॉक्टर जे. पी. वॉकर हा २०० कैदी घेऊन अंदमानला आला, बहुतेक ५७ च्या उठावातले. तेव्हा इथे भिंती नव्हत्या, समुद्र हीच भिंत. पायात बेड्या आणि जंगल तोडायचं काम, पाऊस, मलेरिया, जळवा. पहिल्या काही महिन्यांतच कितीतरी जण पळाले, त्यांना वाटायचं जंगल पार केलं की पलीकडे ब्रह्मदेश लागेल आणि तिथून हिंदुस्थान, पण हे बेट, जाणार कुठे. पकडून आणलेल्यांपैकी ऐंशीच्या वर माणसांना वॉकरने एकाच दिवशी फाशी दिली.

दुसरं व्हायपर बेट, बंदराच्या आत, आणि हेच तुझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळचं. सेल्युलरच्या आधीचं जेल इथे होतं, साखळीने एकमेकांना बांधलेले कैदी कामाला न्यायचे. टेकडीवर लाल विटांचं घुमटाचं फाशीघर आहे. तिथे जाणारी बोट कधी चालू कधी बंद असते, पोहोचल्या दिवशीच जेट्टीवर विचार.

तिसरं, रॉसच्या बोटीतून किंवा शहरातून पलीकडे हिरवा डोंगर दिसतो तो माउंट हॅरिएट, आता माउंट मणिपूर म्हणतात कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज आणि त्यांच्या माणसांना तिकडे हद्दपार केलं होतं. त्याच्या पायथ्याच्या धक्क्यावर ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी शेर अली आफ्रिदी या पठाण कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला सुऱ्याने मारलं. सगळ्या हिंदुस्थानचा व्हाइसरॉय आणि त्याला मारणारा एक कैदी! पुढच्याच महिन्यात शेर अलीला व्हायपरवरच फाशी झाली. घरात जुनी लालसर वीसची नोट असेल तर खिशात ठेव, मागचं नारळाच्या झाडांचं आणि लाईटहाऊसचं चित्र या डोंगरावरून दिसतं तेच आहे, वर जाऊन दोन्ही शेजारी धरून बघ.

अजून एक. तिथे लोकांशी बोल. सुटलेले किंवा तिकिटावर, म्हणजे सरकारी परवान्यावर मोकळे सोडलेले कैदी तिथेच राहिले, बायकांचंही वेगळं जेल होतं, त्या कैदी बायकांशी त्यांची लग्नं लागली, आणि त्यांची मुलंबाळं म्हणजे तिथले ‘लोकल बॉर्न’. कोण कुठला, कुठल्या जातीचा, कुठली भाषा, सगळं एकत्र झालं आणि हिंदी सगळ्यांची झाली. मी राहिले त्या गेस्ट हाऊसच्या मालकीणबाईंच्या घरात एक पणजोबा पंजाबकडचे आणि पणजी कुठली ते कोणालाच माहीत नाही, कागदावर फक्त कैदी नंबर. त्यांना मी खानदेश सांगितलं तर त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. तू सांग तिथे, भीमा नाईकांचं नाव सांग, आजोबांकडून ऐकलंय तेवढं सगळं सांग. आणि परत आलास की आजोबांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेव.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त झालोय, पास आहे, विमानाची हौस नाही. भुसावळहून ट्रेन आणि पुढे जहाज असं जमेल का? – भुसावळ

काका, जमेल, हाताशी दिवस पाहिजेत. नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, जळगाव, भुसावळ करत थेट चेन्नईला जाते, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत, आणि कोलकात्याला जायचं तर गीतांजली. दोन्हीकडून जहाज आहे, विशाखापट्टणमहूनही आहे. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर साधारण १२०० किलोमीटर, जहाजाला तीन दिवसांच्या आसपास लागतात. पण जहाजं महिन्यातून मोजकीच, तारखा पुढेमागे होतात, म्हणून आधी जहाजाचं तिकीट हातात घ्या आणि मग ट्रेनचं बघा, उलटं करू नका. बंकपासून केबिनपर्यंत वर्ग आहेत, या वयात केबिनच घ्या. समुद्र लागतो, उलटीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या. मला विचाराल तर जाताना जहाज, येताना विमान. चेन्नई किंवा कोलकाता, दोन्हीकडे सव्वादोन तासांत पोहोचता, पाय मोकळे करायला एक दिवस ठेवा आणि मग आपली ट्रेन. काळं पाणी म्हणजे काय हे तीन दिवस चारी बाजूंनी पाणीच पाणी बघितल्यावर जे कळतं ते विमानात कळत नाही.

प्रश्न : कापूस वेचणी झाल्याशिवाय घरातून हलता येत नाही. फेब्रुवारीत उशीर होतो का? मे मध्ये स्वस्त मिळतं म्हणतात ते कसं? – शेतकरी, चोपडा

फेब्रुवारी उत्तम आहे भाऊ, डिसेंबर ते एप्रिल कधीही जा. मे मध्ये स्वस्त का मिळतं ते तुम्हालाच जास्त कळेल. दरवर्षी मे च्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आपण पेपरात बातमी शोधतो ना, मान्सून अंदमानात दाखल, आणि मग हिशेब लावतो की केरळला कधी, आपल्याकडे कधी, बियाणं कधी आणायचं. तोच पाऊस तेव्हा तिथे पोहोचतो. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथे ३००० च्या आसपास, चौपट. समुद्र खवळला की बोटी बंद आणि तुम्ही हॉटेलात. ऑक्टोबर-नोव्हेंबरलाही वादळाचा धोका असतो.

गरमीची सवय आपल्याला आहेच, जळगावच्या मे मधले ४५ काढणाऱ्या माणसाला तिथले ३१-३२ काय, असं वाटतं. पण ती गरमी वेगळी, घाम वाळतच नाही. सुती कपडे जास्त न्या, दिवसातून दोनदा बदलावे लागतात.

आणि घड्याळाचं लक्षात ठेवा. घड्याळ आपलंच पण सूर्य आपल्यापेक्षा तासभर आधी येतो-जातो, कारण बेट तेवढं पूर्वेला आहे. डिसेंबरात पाचच्या सुमाराला सूर्य बुडतो, साडेपाचला अंधार. चार वाजता चहा पिऊन निवांत बीचवर जाऊ असं म्हटलं तर गेला दिवस. चिडिया टापूला सूर्यास्त बघायचा तर शहरातून तीनलाच निघा, तासाभराचा रस्ता आहे, जंगलातून जातो, आणि तोही बघण्यासारखा आहे. सकाळी पाचला उठायची सवय असलेल्या शेतकऱ्याला हे वेळापत्रक बरोबर बसतं.

प्रश्न : मुलं नऊ आणि बारा वर्षांची, दोघांना पोहता येतं, तापीत आणि स्विमिंग टँकमध्ये शिकलीत. समुद्र पहिल्यांदाच बघणार. कुठल्या बीचवर पाण्यात सोडू? – धुळे

ताई, तापीतलं पोहणं समुद्रात धरू नका. नदीत पाणी एका दिशेने ओढतं हे मुलांना माहीत असतं, समुद्रात लाट आत आणते आणि तीच परत जाताना पायाखालची वाळू घेऊन जाते, मुलाचा तोल तिथे जातो. गुडघ्याच्या वर पाणी नको, मोठं माणूस हात धरून, आणि लाईफगार्ड असेल तिथेच.

शहराजवळ कॉर्बिन्स कोव्ह, सहा-सात किलोमीटर, नारळाची झाडं, अर्धगोल किनारा, वाटेत जपानी सैन्याचे काँक्रीटचे बंकर दिसतात ते मुलांना नक्की दाखवा. मुलगा विचारेल जपानी इथे कशाला, तर सांगा की मार्च १९४२ ते ऑक्टोबर १९४५ हे शहर जपान्यांच्या ताब्यात होतं, लोकांचे फार हाल झाले, आणि त्याच काळात ३० डिसेंबर १९४३ ला नेताजींनी इथे तिरंगा फडकवला.

हॅवलॉकचा राधानगर बीच सगळ्यात सुंदर, पांढरी बारीक वाळू, पाय टाकला की कुरकुरते, आणि पाण्याचा रंग आपण चित्रात भरतो तसा. पण अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, ही ऐकीव गोष्ट नाही, २०१० ला राधानगरजवळच एका परदेशी बाईंचा जीव गेलाय. जिथे मगरीची पाटी आहे, जिथे खाडीचं पाणी समुद्राला मिळतं, जिथे तिवरं आहेत, आणि अंधार पडायला लागल्यावर कुठेही, पाण्यात उतरायचं नाही. जाळी लावलेल्या भागातच राहा. ओहोटीला खडक आणि प्रवाळ उघडे पडतात, पाय कापतात, मुलांना जुन्या चपला नाही तर पाण्यातले बूट घाला.

प्रवाळ बघायचं असेल तर वंडूरहून जॉली बॉय बेटावर जा, महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८३ चं. तिथे प्लास्टिक नेऊ देत नाहीत, बिस्किटाचं पाकीटसुद्धा डब्यात काढून न्या. काच लावलेल्या बोटीतून मुलांना खाली मासे दिसतात, पोहायची गरजच नाही.

प्रश्न : तिथे जारवा आदिवासी बघायला मिळतात का? आमच्या ग्रुपला बाराटांगची टूर घ्यायचीय. – कॉलेज विद्यार्थी, नंदुरबार

चुनखडीच्या गुहा बघायला बाराटांगला जा, वाट जारवांच्या राखीव जंगलातून जाते आणि गाड्या ताफ्याने, पोलीस बंदोबस्तात सोडतात. पण माणसं ‘बघायला’ जाऊ नका. त्यांचा फोटो काढणं, त्यांना खायला देणं, गाडी थांबवणं गुन्हा आहे, तुरुंगवास होतो. आणि कायदा बाजूला ठेव. तू नंदुरबारचा आहेस. होळीला धडगावला, मोलगीला बाहेरून गाड्या भरून लोक येतात आणि न विचारता बायका-पोरांच्या तोंडासमोर कॅमेरा धरतात, तेव्हा आपल्याला कसं वाटतं? इंग्रज आले तेव्हा ग्रेट अंदमानी या तिथल्याच दुसऱ्या जमातीचे लोक काही हजार होते, १८७७ ला गोवराची साथ आली, बाहेरून आलेले बाकी रोग आले, आणि आज ते पन्नासच्या आसपास उरलेत. जारवांना आपल्याकडून सर्दी-खोकला सुद्धा लागायला नको. गाडीची काच वर, मोबाईल बॅगेत.

प्रश्न : शाकाहारी आहोत, उपवासही असतो. खायचे हाल होतील का? – रावेर

नाही. तामिळ लोक भरपूर, त्यामुळे इडली-डोसा, भात-सांबार सगळीकडे, बंगाली मिठाई आहे, अबर्डीन बाजारात उत्तर भारतीय थाळी मिळते. शहाळं उपवासाला चालतं आणि तिथलं शहाळं फार गोड. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी मिळणार नाही, तेवढी सहा दिवस कळ काढा, शेव-चिवडा, तिखटाच्या पुऱ्या बरोबर ठेवा, ठेचा मात्र हातातल्या बॅगेत नको, चेक-इनच्या बॅगेत घट्ट झाकणात. शहरात फोनवरून पैसे देता येतात, २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून नेट बरं झालंय, पण हॅवलॉकला रोख लागते.

प्रश्न : आठवण म्हणून काय आणावं? शंख-शिंपले? – पाचोरा

किनाऱ्यावरचं काहीही उचलू नका. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा कायद्याने बंदी असलेला आहे, आणि शंख फक्त दुकानातून, पावतीसकट. दुसऱ्या वेळी माझा भाचा बरोबर होता, त्याने राधानगरला सापडलेला एक शंख मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवलेला, आम्हाला कोणालाच माहीत नाही. एअरपोर्टच्या मशीनमध्ये दिसला. तिथले जवान रागावले नाहीत, त्याला शेजारी बसवलं आणि सांगितलं की रिकाम्या शंखात दुसरा जीव राहायला येतो, खेकडा, त्याला स्वतःचं घर बनवता येत नाही. भाच्याने स्वतःच्या हाताने तो शंख टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवला. तिथे आधीच बरेच शंख पडलेले होते. घरासाठी पदौकच्या लाकडाचं काही घ्या, लालसर रंगाचं असतं, सरकारी एम्पोरियममधून घेतलं की पावती मिळते, मी पोळपाट आणलाय आणि तो रोज वापरात आहे.